उजेडातली धार

१

ग्यानबाच्या टाकीत कोणीतरी शेण कालवलं होतं. मला मात्र बोलावणं आलं ते म्हशीसाठी.

मी वाशीमकडल्या मालेगावचा ढोरांचा डॉक्टर. दवाखान्याच्या पाटीवर इंद्रभान हे नाव आणि त्यापुढे बरंच लांबलचक काही लिहिलेलं आहे, पण ते वाचायला आजवर एकही बैल थांबलेला नाही. १९७४ सालच्या चैत्रात, भर उन्हात मोटारसायकल दामटत मी माणिकरावांच्या कारखान्यावर पोचलो. सरकारने नुकतीच देशी दारूची लायसनं द्यायला सुरुवात केली होती. माणिकरावांनी कापसाच्या धंद्यातून अंग काढून वाशीम रस्त्याला दारूचा कारखाना टाकला आणि त्याला बायकोचं नाव दिलं, विजयमाला डिस्टिलरी. त्या माउलीने तेव्हापासून वाशीमला जाताना कारखाना मागे पडेपर्यंत डोळे मिटून बसायचा नेम धरला होता.

म्हैस चौकीदार रामधनची. नालीशेजारी ती चारी पाय पसरून पडली होती आणि माझ्याकडे फार प्रेमाने बघत होती.

"सडवा पिली जी," एक मजूर म्हणाला. "मालकानं रागात दोन बकेटा नालीत फेकल्या, त्या हिनं चाटल्या."

सडवा म्हणजे मोहफुलं आणि गूळ पाण्यात आंबवून केलेला घोळ. तो भट्टीवर चढवला की दारू उतरते. आमच्या भागात झिंगलेलं जनावर काही नवीन नाही. मोहाचा हंगाम आला की कुठल्या ना कुठल्या वाडीवरची गाय डोलत दवाखान्यात येते, आणि मालक हात जोडून सांगतो, साहेब, आंबोण जरा जास्तच आंबलं होतं. मी मान डोलावतो. गाय काही साक्ष देत नाही.

म्हशीला ताक पाजायला सांगून मी निघणार, तोच माणिकरावांनी दंडाला धरून मला बाजूला नेलं. एरवी जाडजूड, हसतमुख माणूस. आज चेहरा पार उतरला होता.

"डाक्टर, म्हैस गेली खड्ड्यात. माही टाकी गेली. कोणंतरी शेण कालवलं तिच्यात."

"मग पोलिसात कळवा."

"लायसन नवं हाय. पहिल्याच हंगामात पोलीस आले तं अकोल्याचे एक्साइजचे साहेब काय म्हणतीन? उद्या सकाळी ते चव घ्याले येऊन राह्यले. तुमी दवा-दारूतले माणूस. तुमीच पाहा."

"दवाचं पाहतो. दारूचं नाही."

माणिकराव हसले नाहीत. त्यांनी थोडक्यात सांगितलं ते असं. शेलूबाजारच्या पलीकडल्या वाडीत ग्यानबा नावाचा माणूस घरी चोरून मोहाची दारू काढायचा. ती इतकी स्वच्छ, इतकी नितळ, की भलीभली माणसं तिथे पाहुणे म्हणून जायची. माणिकरावांनी त्याला बोलावून आणलं. एक टाकी दिली. तुझा माल इथे काढ, साहेबाला आवडला तर कारखान्याचा म्हणून विकू, तू कायमचा भट्टीवाला. सडवा आज भट्टीवर चढायचा होता. सकाळी झाकण काढलं, आणि वर शेण तरंगत होतं.

"रामधनले म्या गोदामात कोंडून ठेवलं," ते म्हणाले. "शेण त्याच्याच म्हशीचं हाय. पण तो कबूल नाही होत. आता तुमी सांगा. बाहेरच्यानं घात केला असन, तं ग्यानबाले दुसरी टाकी देतो, जबान हाय माही. पण हे त्याच्याच हातून, त्याच्याच घरातून झालं असन, तं उद्याच्या पहिल्या गाडीनं वापस. मंग मले तोंड दाखवाचं नाही."

२

टाकीची खोली अंधारी आणि गार होती. टाकी माणसाच्या छातीइतकी उंच, वर लाकडी झाकण, झाकणावर गोणपाटं. टाकीच्या कडेला टेकून एक वाळकुडा, पन्नाशीचा माणूस उकिडवा बसला होता. डोक्यावर कोरी पांढरी टोपी. इतकी कोरी, की घडीच्या रेघासुद्धा मोडल्या नव्हत्या.

"ग्यानबा?"

"हो जी." तो उठला नाही.

मी झाकण सरकवलं. वास आला तो शेणाचा. शेण बघितलं की माणसं नाकाला पदर लावून मागे सरतात. माझं निम्मं आयुष्य शेणातच गेलं, म्हणून मी बाही वर केली आणि हात खोल घातला. शेण वरच्या थरातच जास्त होतं. खाली हाताला भरड, चिकट काहीतरी लागलं. बाहेर काढून चोळलं तर सरकीची ढेप. बोट जिभेवर ठेवलं आणि थुंकलो. खारट.

ते मी मनात ठेवलं. झाकण लावून गोणपाटं सारखी करताना हात ओला झाला.

"हे ओलं कसं?"

"उन्हाळ्यात गार ठेवा लागते जी. नाहीतं सडवा तापून नासते. सकाळी पानी मारा, दुपारी मारा."

"काल दुपारी कोणी मारलं?"

त्याने टाकीच्या कडेवरून हात फिरवला. "म्याच."

"किल्ली कोणाजवळ असते?"

"एक केमिस्टसाहेबापाशी. एक माह्या करगोट्याले. दिवसभर तिथंच होती जी."

मग त्याने आपणहूनच बोलायला सुरुवात केली. मला वाटतं, त्याला टाकीशी बोलायचं होतं आणि मी मध्ये आलो.

"आमी कलार, साहेब. माह्या आज्याची भट्टी सरकारमान्य होती. अंगणात भट्टी, अंगणात गिऱ्हाईक. मंग कायदा आला आन् आमी चोर झालो. बापानं नाल्यात काढली, म्या नाल्यात काढली. सहा महिने अकोल्याच्या जेलात खडी फोडून आलो. मले पैशाचं नाही वाटत जी. एक डाव उजेडात धार पाहाची होती. सूर्य वर हाय, दार उघडं हाय, आन् धार पडून राह्यली. बस."

"कोणावर संशय?"

"कोणाचं नाव घेऊ? शेण टाकणारानं माही लायकी दाखवली."

त्याने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. काल शेलूबाजारच्या हाटात दाढी करून घेतली, तेव्हा घेतली होती म्हणे. साहेबांसमोर उघड्या डोक्याने कसं उभं राहायचं?

मी दारातून बाहेर पडलो आणि उन्हात थबकलो. काल हा माणूस शेलूबाजारला होता. मग दुपारी गोणपाटांवर पाणी कोणी मारलं?

३

रामधन गोदामात गुळाच्या भेल्यांमध्ये बसला होता आणि गाल सुजला होता. माणिकरावांचा हात जड आहे.

"माही म्हैस कशी हाय?" हा त्याचा पहिला प्रश्न.

"तुझ्यापेक्षा मजेत आहे. काल दुपारी तू कुठे होतास?"

"गेटावर. जीप आली होती नं अकोल्याहून. दोन शिपाई होते, कुलपं आन् लाखेची पेटी घेऊन. साहेब येतीन तवा टाक्यायले सील कराचं होतं त्यायले. म्या त्यायले पानी पाजलं, चहा सांगतला, पेट्या उतरवल्या. मालकाले सांगतलं तं मालक मानते कुठं? म्हणते शिपायाले पुसाले अकोल्याले जाऊ काय."

"तुझी ढेप कुठे असते?"

"गोठ्यात. पोतं होतं." मग तो दचकला. "होतं म्हणजे... काल संध्याकाळी नव्हतं. मले वाटलं कोणं चोरलं. डाक्टरसाहेब, माही ढेप म्या काहून फेकीन? ढेपेचा भाव काय हाय!"

त्याचं रडणं ढेपेसाठी होतं, स्वतःसाठी नंतर. असा माणूस पोतंभर ढेप दारूत ओतत नाही.

केमिस्ट शालिग्राम हा नागपूरकडचा तरुण, बी.एस्सी. झालेला. प्रयोगशाळेच्या खिडक्यांना आतून वर्तमानपत्र चिकटवलेलं. मला पाहताच त्याने कोपऱ्यातल्या कपाटाला पाठ लावली आणि तसाच उभा राहिला.

"ग्यानबा इथे आला ते तुम्हाला रुचलं नाही म्हणे."

"का रुचावं? मी प्रमाण काढतो, तापमान बघतो. हा माणूस टाकीला कान लावतो आणि म्हणतो, अजून बोलून राह्यली, थांबा." त्याने कपाळ पुसलं. "पण शेण नाही टाकलं मी. मला शिसारी येते त्याची."

"कपाटात काय आहे?"

"काचेचं सामान."

खोट्याला वास नसतो म्हणतात. इथे होता. मोहाचा, गोड, ताजा वास, आणि तो कपाटाच्या फटीतून येत होता. मी आग्रह धरला नाही. भेदरलेला बैल एकदम दोरीला ओढला तर मान मोडून घेतो.

गेटाबाहेर दौलतसिंग आपल्या मोटारसायकलवर आडवा बसून पान चघळत होता. शेलूबाजारपासून मंगरूळपीरपर्यंतची सगळी चोरटी दारू याच्या हातून जायची, आणि ग्यानबा हा त्याचा सगळ्यांत चांगला हात होता. ग्यानबा गेल्याने सर्वांत जास्त नुकसान याचं.

"डाक्टर, आयकलं म्या. बरं झालं," तो म्हणाला. "म्या सांगतलं होतं त्याले. घरचा माल कारखान्यात गेला का त्याचा जीव जाते."

"तुम्ही घेतला का जीव?"

तो मोकळेपणाने हसला. "म्या घेतला असता तं रॉकेल ओतलं असतं. एक डबा, काम खतम. शेणाचे टोपले वाहाले म्या काय खुळा हावो? आन् आत जाऊ कुठून? गेटावर काल खाकीवाले उभे होते. ते पाहून म्या तिकडच्या तिकडं वळलो."

हा माणूस अट्टल, पण बोलला ते खरं. ज्याला टाकी मारायची आहे तो रॉकेल ओततो. शेण ठीक, राग असतो. पण ढेप? आणि मीठ? दुष्मनाच्या टाकीत कोणी मीठ घालून चव सुधारतं का?

मी म्हशीपाशी परत आलो. ती आता उठून बसली होती आणि दोन्ही डोळे वेगवेगळ्या दिशांना नेत होती. इतक्यात ग्यानबा आला. "साहेब, घास खाऊन घ्या. कोरडं हाय, पण हाय."

४

कारखान्याच्या आवारातच, गोठ्याला लागून, ग्यानबाला एक खोली दिली होती. त्याची बायको वच्छला चुलीपुढे बसली होती. हाडकुळी बाई, डोईवरचा पदर कपाळापर्यंत ओढलेला. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. माझ्या कपड्यांकडे पाहिलं, धोतराच्या काठापासून सदऱ्याच्या गळ्यापर्यंत. मगच ताट पुढे सरकवलं.

ज्वारीची भाकर, पिठलं, कांदा. पिठल्याचा वास छान होता. घास तोंडात घातला आणि मी थांबलो. ग्यानबाही थांबला.

"अवं, पिठलं अळणी हाय."

"मीठ सरलं," ती चुलीकडे तोंड करून म्हणाली.

"सरलं कसं? चुंगडीभर मीठ आणलं होतं तुनं येतानी. वर्षाचं म्हणून."

"सरलं म्हटलं नं."

ग्यानबा ओशाळून मला म्हणाला, "सकाळपासून हिचंही डोकं ठिकाण्यावर नाही जी. माह्याहून जास्त आस हिले होती." आणि रामधनकडे थोडं मीठ असेल म्हणून तो वाटी घेऊन उठला. रामधन कोंडलेला आहे हे त्याच्या ध्यानात दारापाशी आलं. तिथेच तो वाटी धरून उभा राहिला.

मी भाकरीचा तुकडा हातात धरून बसलो होतो. मला वाड्यावस्त्यांवरच्या झिंगलेल्या गायी आठवत होत्या आणि हात जोडून उभे असलेले मालक. साहेब, आंबोण जरा जास्तच आंबलं होतं.

वच्छलाबाईने पहिल्यांदा तोंड वर केलं. "साहेब, रामधनभाऊले किती दिवसाची होईन?"

"कशाची?"

"सजा."

घात करणाऱ्याला कोणी भाऊ म्हणतं का? तेवढ्यात मला सगळं कळलं, आणि कळलं नसतं तर बरं झालं असतं.

५

"बाई," मी म्हणालो, "सगळ्यांनी शेण पाहिलं आणि तिथेच थांबले. त्या टाकीत ढेप आहे आणि मीठ आहे. ढेप, मीठ आणि आंबलेलं पाणी याला आमच्या धंद्यात एकच नाव आहे. आंबोण. आणि वर शेण, म्हणजे मोहाचा वास दबतो आणि शिपाई हात घालत नाही. ती टाकी कोणी नासवली नाही. कोणीतरी ती लपवली."

तिने पदर आणखी खाली ओढला.

"काल दुपारी ग्यानबा हाटात होता. जाताना किल्ली तो तुमच्याकडे देऊन गेला. बाईमाणसाला टाकीच्या खोलीत मनाई आहे म्हणून आज खोटं बोलला. पण गोणपाटं ओली होती. ती तुम्ही भिजवली. तुम्ही आत होता तेव्हा गेटावर जीप आली. खाकी."

वाटी खाली पडल्याचा आवाज आला. ग्यानबा दारातच होता.

वच्छलाबाई बोलायला लागली तेव्हा आवाज अगदी सरळ होता, बाजारहाट सांगावा तसा. "वीस वर्स झाले जी. हे भट्टीवर, म्या टेकडीवर. खाकी दिसली का धावाचं. ढेप, मीठ, शेन. इचारलं तं सांगाचं, ढोराचं आंबोन हाय साहेब, नासलं, फेकाले ठेवलं. यायनंच शिकवलं. एका डावाले म्या उशीर केला. माह्या लेकीले, नर्मदीले, ताप होता, तिले पाजत बसली. खाकी अंगणात आली तरी म्या उठली नाही. यायले नेलं. सहा महिने. घरात दाना नव्हता. नर्मदी त्यातच गेली. चार वर्साची होती."

चुलीतलं लाकूड तिने उगाच पुढे सारलं.

"तवा म्या म्हटलं, आता उशीर नाही कराचा. काल जीप दिसली. मले मालूम होतं जी, आता कागद हाय, आता चोरी नाही. मले सगळं मालूम होतं. पन हात चालू झाले होते. रामधनभाऊची ढेप ओढत आणली, टोपलंभर शेन आणलं, चुंगडी उलटी केली. झाकण लावलं. सवयीनं वर पानीही मारलं. भाईर आली तं शिपाई पानी पिऊन हासत चालले होते."

"मग रात्री सांगितलं का नाही?" मी विचारलं.

"हे टोपी घालून दाखवत होते."

ग्यानबा आत आला आणि भिंतीशी बसला. मला वाटलं तो ओरडेल, हात उचलेल. तो काहीच करत नव्हता. आपल्या तळहातांकडे बघत होता.

"शेवटच्या रात्री सडव्याले हात लावाचा नाही, हा माहाच कायदा," तो म्हणाला. "म्हणून म्या झाकण उघडलं नाही. नाहीतं रातीच..." रात्री उघडूनही काही वाचलं नसतं, हे त्यालाच समजलं.

माझ्या हातात आता दोन उत्तरं होती. रामधनचं नाव घेतलं, किंवा नुसतं मला कळत नाही म्हणालो, तरी घाताचा संशय राहतो आणि ग्यानबाला दुसरी टाकी मिळते. खरं सांगितलं तर गोदाम उघडतं आणि ग्यानबा पहिल्या गाडीने घरी जातो. मी त्याला तसं स्पष्ट सांगितलं. "ग्यानबा, माणिकरावांना काय सांगू?"

त्याने लगेच उत्तर दिलं नाही, आणि त्याबद्दल मी त्याला बोल लावणार नाही. वीस वर्षं अंधारात काढलेल्या माणसापुढे उजेड पुन्हा एकदा ठेवला होता. किंमत एवढीच, की चौकीदाराने मार खायचा. बाहेरून म्हैस रेकली. रोज या वेळी रामधन तिला पाणी पाजायचा. पलीकडून गोदामाच्या पत्र्यावर रामधनने थाप मारली आणि ओरडून तिला काहीतरी सांगितलं.

ग्यानबा उठला.

माणिकराव ऑफिसात पंख्याखाली बसले होते. ग्यानबा हात जोडून उभा राहिला. "मालक, रामधनले सोडा. माहाच हात चुकला."

"तुहा? शेणात?"

"आमच्या घरची रीत हाय जी. थोडं शेन, थोडी ढेप, थोडं मीठ. आंब लवकर येते. टाकी मोठी, मले अंदाज नाही आला."

इतकं वेडगळ कारण मी उभ्या जन्मात ऐकलं नव्हतं. माणिकरावांनी माझ्याकडे बघितलं. "डाक्टर, असं असते काय?"

ग्यानबा माझ्याकडे बघत नव्हता. दाराबाहेर वच्छलाबाई भिंतीला धरून उभी होती.

मी मान डोलावली.

"शेन घालून दारू!" माणिकराव उठून उभे राहिले. "आन् हे म्या साहेबाले पाजणार होतो! चालता हो. अन् दौलतसिंगाले सांग, लोकायले आजवर काय पाजलं ते." मग त्यांनी गोदामाची किल्ली माझ्यापुढे फेकली.

हे मला आधी सुचलं नव्हतं. टाकी गेली, नोकरी गेली, हे ठरलेलंच होतं. पण त्या एका वाक्याने ग्यानबाचं नावही गेलं. संध्याकाळपर्यंत मालेगावात आणि दुसऱ्या दिवशी शेलूबाजारात, ज्यांनी ज्यांनी त्याची नितळ दारू मिटक्या मारत प्यायली होती, ते सगळे थुंकत होते.

६

सकाळी म्हैस बघायचं निमित्त काढून मी पुन्हा गेलो. म्हैस ठणठणीत होती. रामधन तिच्या पाठीवरून हात फिरवत होता आणि त्याने माझ्याशी बोलणं टाळलं. आपल्या जागी ग्यानबा चालला म्हणून की काय, त्याला सुटकेचा आनंद झालेला दिसला नाही.

रस्त्यावर, लिंबाच्या झाडाखाली एस.टी. थांबायची. ग्यानबा आणि वच्छलाबाई तिथे एका बोचक्यावर बसले होते. नवी टोपी घडी करून बोचक्यावर ठेवलेली. मी शेजारी उभा राहिलो.

शालिग्राम कारखान्यातून जवळजवळ पळतच आला. सदऱ्याच्या आत काहीतरी धरलं होतं. इकडे तिकडे बघून त्याने ते बाहेर काढलं. औषधाची छोटी बाटली, बूच लावलेली. आतलं पाणी की काय ते असं स्वच्छ, की बाटली रिकामीच वाटावी.

"परवा सकाळी मी टाकीतून गुपचूप थोडा सडवा काढला होता," तो म्हणाला. "काचेच्या भांड्यात उतरवला. खराब निघेल, मालकांना दाखवीन, असं मनात होतं. नोंद न करता काढला, म्हणून काल कपाट उघडलं नाही." त्याने बाटली ग्यानबाच्या हातात दिली. "चांगली उतरली हो. फार चांगली. हे सांगायची काल माझी छाती झाली नाही."

"धार कवा पडली?" ग्यानबाने विचारलं.

"दुपारी. खिडकीपाशी. कागदाच्या फटीतून ऊन येत होतं."

"तुमी पाह्यली?"

"हो."

ग्यानबाने बाटली उन्हात धरली, तिरपी केली, सरळ केली. बूच काढून वास घेतला आणि डोळे मिटले. त्या माणसाच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला लिहिता येणार नाही. प्यायला तो नाही. बूच परत लावून बाटली त्याने दोन्ही हातांत धरली, पाखराचं पिल्लू धरावं तशी.

वळणावर धूळ दिसली. मग जीप दिसली. अकोल्याचे साहेब ठरल्या वेळी येत होते. खाकी जीप, पुढे खाकी शिपाई.

मी ओरडण्याआधी ते होऊन गेलं होतं. वच्छलाबाईने बाटली हिसकावली, दाताने बूच उपटलं आणि सगळी धुळीत ओतली. पायाने त्यावर माती लोटली. बाटली मागच्या काट्यांत फेकली. पदर सावरला आणि खाली मान घालून बोचक्यावर बसली. जीप समोरून गेली, कारखान्याच्या गेटात वळली. आत कोणीतरी सलाम ठोकला. शालिग्राम तोंडावर हात घेऊन उभा होता.

खरं सांगायचं तर कायद्याने या वेळी तिचंच बरोबर होतं. शिक्का नसलेली दारू, भर रस्त्यावर, एकदा शिक्षा झालेल्या माणसाच्या हातात. पकडला असता तर सहा महिन्यांवर भागलं नसतं. पण तिने काही कायदा बघितला नव्हता.

मातीचा ओला डाग उन्हात बघता बघता सुकत होता. वच्छलाबाई त्याच्याकडे बघत राहिली. आपण काय केलं ते तिला हळूहळू उमगत असावं, कारण तिने वाकून त्या डागावर दोन्ही हात टेकवले. मग तिने नवऱ्याकडे तोंड वळवलं आणि लहान पोरीने विचारावं तसं विचारलं, "या वक्ती तं उशीर नाही झाला नं?"

ग्यानबाने नवी टोपी उचलली, तिच्या घडीने बायकोचे धुळीने भरलेले हात पुसले.

"नाही वो," तो म्हणाला. "टाइमावर केलं तुनं."